पाण्यात म्हैस, बाहेर मोल

आमच्या घरी रंगाबाबत एकच धोरण होतं: मळखाऊ. शाळेची चड्डी असो, दिवाणावरची चादर असो, नाहीतर एसटी स्टँडच्या फरशीवर टेकवायची पिशवी असो, आई दुकानात शिरल्या शिरल्या विचारायची, "यात मळखाऊ काय आहे?" दुकानदारही मुरलेला. तो न बोलता गडद निळा, चॉकलेटी आणि काळा असे तीन नग पुढे टाकायचा. माझं बालपण या तीन रंगांत पार पडलं. शाळेच्या ग्रुप फोटोत मी नेमका कुठे आहे हे अजून घरात कुणाला सांगता येत नाही.

धोरणात खोट नव्हती. आमच्याकडची माती काळी, पावसाळ्यातला चिखल काळा, चुलीची काजळी काळी, ट्रकचा धूर काळा. मळच काळा म्हटल्यावर कापड काळं घ्यावं, हा सरळ हिशेब. पण मळाचा रंग मुलखागणिक बदलतो, आणि हे पटवून घ्यायला शारजाच्या हमरिया फ्री झोनइतकी चांगली जागा नाही. इथला मळ पांढरा आहे. वाळू फिकी, सिमेंट फिकं, समुद्रावरून येणारं मीठ शुभ्र. त्यामुळे आखातात मळखाऊ रंग एकच, तो म्हणजे पांढरा. पुरुषांचे पायघोळ कंदुरे पांढरे, गाड्या पांढऱ्या, घरं पांढरी. झोनमधल्या तेलाच्या टाक्याही पांढऱ्या. त्यांचं कारण मात्र वेगळं. टाकी काळी रंगवली तर ती उन्हात तापते, आत वाफ धरते आणि मालकाचे पैसे हवेत जातात.

अशा मुलखात आमच्या कॅप्टननी काळी जेट स्की घेतली.

कॅप्टन हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. ते मूळचे कोल्हापूरचे आणि आमच्याच शेडमध्ये स्टोअर सांभाळतात. जेट स्की घेतली त्याच आठवड्यात त्यांनी नांगराचं चित्र असलेली टोपी घेतली, आणि पुढचं नाव आम्ही ठेवलं. मी त्याच शेडमध्ये कोटिंग इन्स्पेक्टर आहे. समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणाऱ्या लोखंडी सांगाड्यांना रंग नीट लागलाय की नाही, हे बघण्याचा मला पगार मिळतो. घरच्यांना मी काय करतो ते अजून कळलेलं नाही. "रंगाचं बघतो" एवढं ते पाहुण्यांना सांगतात, आणि पाहुणे मला फ्लॅटचा अंदाज विचारतात.

हमरिया फ्री झोन १९९५ साली स्थापन झाला. शारजाहून इथे येताना वाटेत अजमानचं राज्य लागतं. म्हणजे शारजातून शारजात जायला परमुलखातून जावं लागतं. चौदा मीटर खोलीचं बंदर आहे, जहाजदुरुस्ती आहे, पोलादाची कामं आहेत, सिमेंट आहे, रसायनं आहेत, लाकूड आहे आणि अत्तरवाल्यांसाठी वेगळा विभागही आहे. त्यामुळे इथे उडणारी धूळ ही नुसती धूळ नसते. तिच्यात वाळू असते, लोखंडाचा कीस असतो, मीठ असतं, आणि वारा योग्य दिशेचा असला तर तिला उदाचा मंद वासही असतो. शमाल वारा सुटला की हे सगळं मिश्रण आडवं येतं. रात्री दव पडतं, मिश्रण भिजतं. सकाळी ऊन आलं की ते भाजून पक्कं होतं. हे आमच्या धंद्याला पोषक आहे. गंज नसता तर मला कुणी विमानाचं तिकीट काढून इथे आणलं नसतं.

आता त्या खरेदीविषयी. कॅप्टननी जेट स्की जुनी घेतली, फायबरची, दणकट. सौदा उम्म अल क्वैनच्या खाडीत झाला. विकणाऱ्याने ती पाण्यात सोडून ठेवली होती. काळीभोर, ओली, उन्हात लखलखणारी. कॅप्टनचा जीव तिथल्या तिथे विरघळला. "मर्दा, पाडव्याची म्हस दिसाय लागली नव्हं!" असं ते नंतर आम्हाला सांगत होते. ज्यांनी कोल्हापूरचा दिवाळी पाडवा पाहिला नाही त्यांना या वाक्याचं वजन कळणार नाही. त्या दिवशी म्हशींचे केस भादरतात, अंगाला तेल चोळतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि पायांत चाळ बांधतात. मग मालक मोटारसायकलवर पुढे आणि म्हैस त्याच्या मागे धावत, अशी गर्दीतून मिरवणूक निघते. त्या दिवशी कोल्हापुरात काळ्या रंगाइतका देखणा रंग नसतो. कॅप्टन त्या वातावरणात वाढलेले. काळं, तेलकट आणि पाण्यात डुंबणारं काही दिसलं की त्यांचा व्यवहारी मेंदू सुट्टीवर जातो.

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, ही म्हण ज्याच्या आजीने रोज ऐकवली असेल त्याच माणसाने पाण्यात तरंगणाऱ्या वस्तूचे रोख पैसे मोजले. ट्रेलरवर चढवून शेडमागे आणेपर्यंत ती वाळली. वाळली तशी ती काळी राहिली नाही. पाटीवर खडूने लिहून फडक्याने नुसतं पुसल्यावर पाटी जशी दिसते, त्या रंगाची एक वस्तू ट्रेलरवर उभी होती. कॅप्टननी बोट फिरवलं. बोटाला भुकटी लागली.

इथून पुढे मी या प्रकरणात तज्ज्ञ म्हणून ओढला गेलो.

त्या भुकटीला आम्ही चॉकिंग म्हणतो. फायबरच्या बोटीवर सगळ्यात वर जेलकोट असतो, म्हणजे रंग घातलेल्या रेझिनचा थर, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. उन्हातले अतिनील किरण त्या रेझिनला पोखरतात. रेझिन सुटलं की त्याने धरून ठेवलेले कण मोकळे होतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्याच्यावर पडणारा प्रकाश नीट परत न येता चहूकडे विखुरतो. डोळ्याला ते करडं दिसतं. गंमत अशी की काळा रंग स्वतः काही बिघडत नाही. काळ्यासाठी वापरतात ती काजळी उन्हाला पुरून उरणारी. टायरमध्ये ती घालतात त्याचं एक कारण हेच. मरतं ते तिला धरून ठेवणारं रेझिन. आणि पांढऱ्या बोटीवरही हीच भुकटी धरते, पण पांढऱ्यावर पांढरं कोणाला दिसतंय? काळ्यावर ती दुरून ओरडते. पाणी मारलं की खळगे भरतात, प्रकाश सरळ परततो, आणि पाच मिनिटं सगळं छान. खाडीतल्या विक्रेत्याला ऑप्टिक्स येत होतं की नुसता धंदा येत होता, हे महत्त्वाचं नाही.

म्हणजे कॅप्टनची जेट स्की समुद्रात असताना काळी असायची आणि लोकांसमोर असताना करडी. समुद्रात तिला बघायला फक्त मासे.

"तू इन्स्पेक्टर हायस न्हवं? बघ की जरा," असं म्हणून त्यांनी मला माझं जाडी मोजायचं यंत्र आणायला लावलं. ते यंत्र चुंबकावर चालतं. खाली लोखंड असेल तरच वरच्या रंगाचे मायक्रॉन सांगतं. मी ते जेट स्कीवर टेकवलं. पडद्यावर चार आडव्या रेघा आल्या. कॅप्टननी घाबरून विचारलं, "म्हंजे संपली?" शेडमध्ये आमचं सगळं शिस्तीत चालतं. लोखंड ग्रिट मारून साफ करायचं, मिठाची चाचणी घ्यायची, झिंक इपॉक्सी, त्यावर इपॉक्सी, आणि वर पॉलियुरेथेन, कारण इपॉक्सीही उन्हात भुकटी सोडते. तीन थर मिळून तीनशेच्या आसपास मायक्रॉन. त्या लोखंडाला मिरवायची हौस नसते. ते पिवळं असो की करडं, सेवेत असतं. मिरवायच्या वस्तूचं इन्स्पेक्शन करायचं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

पण मराठी माणसांत प्रमाणपत्रावाचून कोणाचं अडत नाही. चहाच्या वेळेला शेडमागे वैद्यांची रांग लागली. एक म्हणाला टूथपेस्ट चोळ. याला थोडाफार आधार आहे, टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी भुकटी असतेच; पण तेवढी जेट स्की घासायला लागणाऱ्या ट्यूबांच्या पैशात नवा जबडा बसतो. दुसऱ्याने खोबरेल सुचवलं. ते कॅप्टनना मनापासून पटलं, कारण ते म्हशीला चालतं. खोबरेलाने जेट स्की खरोखरच काळी झाली. संध्याकाळपर्यंत. मग वारा आला, आणि त्या तेलावर झोनमधल्या सगळ्या उद्योगांनी आपापला नमुना जमा केला. तिसऱ्याने काळ्या प्लास्टिकच्या भागांवर हीट गन फिरवायला सांगितलं. गरम केल्यावर प्लास्टिक काही काळ गडद होतं हे खरं आहे. पण शारजात ऑगस्टमध्ये हीट गन विकत घेणाऱ्या माणसाकडे दुकानदार फार सहानुभूतीने बघतो.

आमच्यात एक मालवणकर आहेत. त्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या होड्या. ते लांबून सगळा प्रकार बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मेल्यांनो, होडयेक कोण पॉलिश करता? वर्साक एकदा तेल मारूचा नि दर्यात ढकलूची." आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे. या किनाऱ्यावरची जुनी गलबतंही याच पद्धतीने जगली. त्यांचं सागवान मलबारातून यायचं, लाकडाला माशाचं तेल चोळायचे, बुडाला चरबी आणि चुन्याचा लेप. वास असा की कीड जवळ येत नसे. माणूसही येत नसे. कॅप्टन या मार्गाकडे क्षणभर गंभीरपणे झुकले होते, पण वहिनींनी फोनवरूनच सांगितलं की माशाचं तेल लावलंत तर तुम्हीही शेडमागेच झोपा.

अखेर काम केलं ते आमच्या शेडमधल्या केरळी पेंटरने. हा माणूस बोलत नाही, करतो. त्याने जेट स्कीच्या नाकावरून मधोमध मास्किंग टेप मारली आणि डाव्या बाजूला लागला. आधी भरपूर पाणी सोडून धूळ काढली. चोळायचं मागाहून, नाहीतर धूळच पॉलिश पेपर होते. मग पाण्यात भिजवलेला हजार नंबरचा पेपर, मग पंधराशे, मग दोन हजार. मग मशीनवर कंपाउंड, मग बारीक पॉलिश. फडक्यावर काळा रंग उतरू लागला तसे कॅप्टन कळवळले, "आरं, रंग निघाला की!" पेंटरने मान वर न करता सांगितलं, "मेलेला निघतो. जिता खाली आहे." इन्स्पेक्टर म्हणून यावर मला शेरा मारता आला नाही. दिवस कलायच्या सुमाराला टेपच्या डावीकडे असा काळा रंग उभा राहिला की त्यात पेंटरच्या मिशा दिसत होत्या. उजवीकडे करडं वाळवंट.

आणि काम तिथेच थांबलं, कारण शेडला माल पाठवायची घाई आली आणि पेंटर त्याच्या खऱ्या कामाला गेला. कित्येक दिवस ती जेट स्की डावीकडून पाडव्याची आणि उजवीकडून भाकड अशी उभी होती. कॅप्टन लोकांना हाताला धरून डाव्या बाजूने न्यायचे.

उजव्या बाजूचं घोडं अडलं ते सावलीपायी. पॉलिशच्या प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं असतं की थंड पृष्ठभागावर, सावलीत वापरा. इथल्या उन्हात काळा पृष्ठभाग सत्तर अंशांच्या घरात जातो. हात ठेवला तर रेषा बदलतात. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात मजुरांकडून काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण कायद्यात जेट स्कीचा उल्लेख नाही. त्या वेळात सगळे पेंटर, वेल्डर, हेल्पर सावलीत पाय पसरून बसलेले आणि कॅप्टनची काळी एकटी उन्हात, हे दृश्य त्यांना बघवेना. आधी त्यांनी तिच्यावर कापडी कव्हर घातलं. वाऱ्याने कव्हर फडफडलं, त्याखाली धूळ शिरली आणि कव्हरनेच रात्रभर तिला सँडपेपर केलं. सकाळी डाव्या बाजूवर बारीक ओरखड्यांची जाळी. उन्हात बघितलं की दिव्याभोवती गोल गोल फिरल्यासारखी दिसते ती. ओरखडे तसे वाटेल त्या दिशेचे असतात, पण प्रकाशाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात. हे मी कॅप्टनना समजावून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ते ओरखडे स्वतः काढून वर व्याख्यान देतोय.

मध्यंतरी त्यांना कुठून तरी वाचायला मिळालं की वाळवंटातले बदाऊन काळे झगे घालतात आणि शास्त्रज्ञांनी त्याचं समर्थन केलंय. हे खरं आहे. १९८० साली 'नेचर'मध्ये तसा निबंध आला होता. काळा आणि पांढरा झगा घातलेल्या माणसांच्या अंगाला पोचणारी उष्णता सारखीच भरली. काळं कापड जास्त तापतं, पण झगा ढगळ असल्याने ती जादा उष्णता आतून वाहणारी हवा बाहेरच्या बाहेर घेऊन जाते. कॅप्टन आठवडाभर याचा दाखला देत होते. जेट स्की ढगळ नसते, एवढाच माझा मुद्दा होता.

मग सिरॅमिकवाला आला. काचेच्या जातीतलं द्रव्य असतं हे. पुसून लावायचं, वाळू द्यायचं, एकदोन मायक्रॉनचा कडक थर धरतो, पाणी टिकत नाही, मळ सहज सुटतो. द्रव्य चांगलं आहे, मला तक्रार नाही. तक्रार त्याच्या भाषणाबद्दल आहे. "नाइन एच हार्डनेस, सर! डायमंडसारखं!" आमच्या धंद्यात हे नाइन एच म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक असतं. ती पेन्सिल असते. मऊपासून कडक शिशापर्यंतच्या पेन्सिली घेऊन रंगावर रेघ ओढायची, आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा पडतो ते बघायचं. नाइन एच म्हणजे शाळेतल्या एचबीची कडक थोरली बहीण. हिऱ्याशी तिचं नातं एवढंच की दोन्ही कार्बनचे. कॅप्टनना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हंजे माझ्या जेट स्कीवर कोण पेन्सिलीनं लिहिणार हाय का?" तर नाही. मग त्यांनी घासाघीस करून ते लावून घेतलं. तोवर पेंटरने उजवी बाजूही काळी करून दिली होती.

सिरॅमिकवाल्याने जाताना अटी सांगितल्या. काही दिवस पाणी लागू द्यायचं नाही. त्यानंतर खाऱ्या पाण्यातून आली की लगेच गोड्या पाण्याने धुवायची. मीठ वाळू द्यायचं नाही. दोन बादल्या ठेवायच्या, एकीत साबण आणि एकीत फडकं खळबळायला. भांड्यांचा साबण वर्ज्य. वरून खाली धुवायचं. इंजिनालाही गोडं पाणी पाजायचं, त्याचीही रीत ठरलेली: आधी इंजिन चालू, मग नळ, बंद करताना आधी नळ, मग इंजिन. मोकळ्या महासागराच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, या उथळ आणि तापलेल्या आखातात ते चाळिशी गाठतं, म्हणून हे सगळं सोवळं दुप्पट कडक.

कॅप्टननी अटी इतक्या मनावर घेतल्या की जेट स्की समुद्रात जाणंच बंद झालं. हिवाळा आला, हवा सुरेख झाली, खारफुटीच्या खाडीत लोक तुषार उडवत हिंडू लागले. आम्ही विचारलं, शुक्रवारी काढायची का? कॅप्टन म्हणाले, "पाणी खारं हाय रं." समुद्राबद्दल ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. क्लेटन जेकबसन नावाच्या अमेरिकन मोटोक्रॉसवाल्याला पाण्यावर मोटारसायकल हाकावी असं सुचलं आणि १९७३ साली कावासाकीने ती बाजारात आणली, तेव्हा तिचा उपयोग कोरड्या जमिनीवर पुसत बसण्यासाठी होईल असं त्या बिचाऱ्यांच्या मनातही नसणार. मालवणकरांनी तर शेडमागे जाणंच सोडलं. "माका बघवणा नाय," म्हणाले.

आणि तरीही एका सकाळी तिच्या अंगावर पुळ्या उठल्या. बारीक, करड्या, हजारो. मी वाकून पाहिलं आणि रंग लगेच ओळखला, कारण त्याचं इन्स्पेक्शन मीच केलं होतं. आदल्या संध्याकाळी शेडबाहेर एका मोठ्या सांगाड्यावर एअरलेस गनने करडा पॉलियुरेथेन मारला होता. वारा फिरला आणि त्याची धुई शेडमागे गेली. सुकलेला थर उत्तम होता. चिकटपणाला तर तोड नव्हती. समुद्रातल्या सांगाड्यावर वर्षानुवर्षं टिकावा असाच तो बनवलेला. पेंटरने क्ले बार घेऊन, पाणी मारत, एक एक पुळी काढली. त्यात सिरॅमिकही बरंचसं निघालं.

त्यानंतर कॅप्टन गप्प झाले आणि आम्हाला वाटलं आता ते विकतील. खाडीत नेऊन, ओली करून. पण कोल्हापूरचा माणूस हार मानत नाही, मार्ग काढतो. परवा शेडमागे गेलो तर ट्रेलरवर पांढरीशुभ्र जेट स्की उभी. नवी घेतली म्हणावं तर नांगराची टोपी तिच्यावरच ठेवलेली. जवळ गेलो तेव्हा कळलं की त्यांनी तिला वरून खालपर्यंत पांढरी फिल्म चिकटवून घेतली आहे.

"कॅप्टन, अहो काळी होती ना?"

"आत काळीच हाय," ते समाधानाने म्हणाले. "ऊन नाय, मीठ नाय, तुमचा फवारा नाय. आता कुनाचा बाप तिला हात लावत न्हाई." मग आवाज खाली आणून त्यांनी मला बाजूला घेतलं. ही पांढरी फिल्म इथल्या उन्हात पिवळी पडते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि तिच्यावर चोळायला काही मिळतं का, हे त्यांना विचारायचं होतं.